हेसडालेनचे उजेड आणि उलगड्याची घाई

आकाशात ओळखू न येणारा उजेड दिसला की लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो परग्रहावरचे यान, दुसरा म्हणतो बघणाऱ्याचा भ्रम. नॉर्वेतल्या हेसडालेन खोऱ्याने दोघांचीही पंचाईत केली आहे. १९८१ च्या अखेरीपासून १९८४ च्या मध्यापर्यंत तिथे आठवड्याला कधी कधी पंधरा-वीस वेळा असे उजेड दिसल्याचे सांगितले जाई. शास्त्रज्ञ अशा प्रकारांकडे ढुंकूनही पाहत नाहीत, ही नेहमीची तक्रार इथे तरी खोटी ठरते. १९८३ मध्ये ‘प्रोजेक्ट हेसडालेन’ सुरू झाला आणि पुढच्याच हिवाळ्यात रडार, चुंबकमापक, भूकंपमापक, वर्णपट घेणारे कॅमेरे असा सगळा सरंजाम घेऊन मंडळी महिनाभर बर्फात ठाण मांडून बसली. १९९८ पासून तिथे स्वयंचलित केंद्रही आहे. कॅमेऱ्यात उतरलेल्या उजेडाला निव्वळ भ्रम म्हणता येत नाही.

पण उजेड खरा असणे वेगळे आणि तो अद्भुत असणे वेगळे. त्या मोहिमेत लेझर रोखल्यावर बहुतेक वेळा उजेडाची लुकलुक बदलली, अशी नोंद आहे. यानवादी ती हटकून पुढे करतात. मात्र असे प्रयोग जेमतेम नऊ. लेझर न रोखताही लुकलुक किती वेळा बदलते, हे शेजारी मांडल्याशिवाय त्या आकड्याला वजन येत नाही. शिवाय अंधारात एका जागेवरून पाहताना उजेड किती दूर आहे हेच कळत नाही. आणि अंतर कळले नाही तर आकार, वेग, तेज हे सारे अंदाजच राहतात. दूरच्या रस्त्यावरची मोटार डोंगरापलीकडचा गोळा वाटते ती यामुळेच. अमेरिकेत टेक्सासमधल्या मार्फाच्या प्रसिद्ध दिव्यांचा २००४ मध्ये विद्यार्थ्यांनी माग काढला, तेव्हा त्यांनी पाहिलेले दिवे महामार्गावरच्या गाड्यांचे निघाले. हेसडालेनच्या काही छायाचित्रांबद्दलही इटलीच्या मात्तेओ लेओने यांनी हाच आक्षेप घेतला आहे.

मग उरलेलेही हेडलाइटच म्हणून मोकळे का होऊ नये? कारण काही नोंदींचा खुलासा झाला म्हणून साऱ्या नोंदींचा होत नाही. प्रत्येकीचा निवाडा स्वतंत्रच करावा लागतो. त्याच न्यायाने, खुलासा न झालेली नोंद यानाचा पुरावाही होत नाही. खोऱ्याच्या एका अंगाला जस्त-लोहाची खनिजे, दुसऱ्या अंगाला तांबे आणि मधल्या नदीत गंधक, म्हणून सारे खोरेच एक बॅटरी आहे, अशी एक कल्पना मांडली गेली. रेडॉनमुळे विद्युतभारित झालेल्या धुळीची दुसरी. दोन्ही चतुर आहेत, पण उजेड केव्हा आणि कुठे दिसेल हे आधी सांगून त्या अजून खऱ्या उतरलेल्या नाहीत. निदान दूरदूरच्या दोन ठिकाणांहून, एकाच क्षणी, वर्णपटासह टिपलेला उजेड हाती असेल, तरच मोटार की वायूचा गोळा हा वाद अंतराच्या आकड्यावर तुटू शकतो.