घराच्या प्रश्नाला मतदारसंघ नाही

महिनाअखेर जवळ आली की दिल्लीतल्या सरकारी वसाहतींत सामानाचे ट्रक दिसू लागतात. कार्यालयातले निरोप समारंभ काही महिन्यांपूर्वीच आटोपलेले असतात, निवासस्थान ठेवून घेण्याची मुदत संपत आलेली असते आणि पंचवीस-तीस वर्षे ज्या पत्त्यावर पत्रे आली, तो पत्ता दुसऱ्याच्या नावे होण्याच्या बेतात असतो. केंद्रीय सचिवालयात कनिष्ठ पदावर रुजू होऊन अवर सचिव वा उपसचिव म्हणून निवृत्त झालेल्या मराठी कुटुंबापुढे तेव्हा एकच प्रश्न उभा राहतो. आता राहायचे कुठे? मुलांचे शिक्षण इथले, त्यांच्या नोकऱ्या नोएडा-गुरुग्रामच्या. गावाकडचे घर भावकीत वाटले गेलेले आणि पुण्याचे भावही हाताबाहेर गेलेले. ज्याने आयुष्यभर राजधानीचा कारभार चालवला, त्याला त्याच राजधानीत छप्पर मिळवणे सर्वांत अवघड जाते.

साध्या गणितानेही हे स्पष्ट होते. सातव्या वेतन आयोगानंतर २०१७ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार केंद्रीय कर्मचाऱ्याला घरबांधणी अग्रिम मिळते ते ३४ महिन्यांच्या मूळ वेतनाइतके किंवा २५ लाख रुपये, यांपैकी जे कमी असेल तेवढे. त्या वेतनश्रेणीत सहायक कक्ष अधिकाऱ्याचे सुरुवातीचे मूळ वेतन ४४,९०० रुपये; म्हणजे अग्रिम सव्वापंधरा लाखांच्या आसपास. अवर सचिवाचे मूळ वेतन ६७,७०० धरले, तरी आकडा तेवीस लाखांवर थांबतो. द्वारका किंवा रोहिणीतल्या दोन शयनगृहांच्या घराची निम्मी किंमतही त्यातून उभी राहत नाही. उरलेला भार बँकेच्या कर्जावर आणि पत्नीच्या दागिन्यांवर. हप्ते फिटेपर्यंत निवृत्ती येऊन ठेपते.

घरांचे भाव मागणी-पुरवठ्याने ठरतात, असे अर्थशास्त्र सांगते. दिल्लीपुरते हे विधान अपुरे आहे, कारण इथल्या पुरवठ्याच्या किल्ल्या दीर्घकाळ एकाच हाती राहिल्या. १९५७ च्या कायद्याने दिल्ली विकास प्राधिकरण अर्थात डीडीए स्थापन झाले आणि १९६१ मध्ये मोठ्या प्रमाणावर जमीन संपादन करून ती विकसित करण्याचे व तिचे वाटप करण्याचे धोरण स्वीकारले गेले. जमिनीची सट्टेबाजी थांबावी आणि फाळणीनंतर फुगलेल्या या शहरात सामान्यांना रास्त दरात निवारा मिळावा, हा हेतू निर्विवाद चांगला होता. परंतु एकमेव विक्रेता झालेल्या सरकारला घाई नव्हती. १९७९ च्या नोंदणी योजनेत ज्यांनी घरासाठी आणि १९८१ च्या रोहिणी योजनेत ज्यांनी भूखंडासाठी पैसे भरले, त्यांतील अनेकांच्या वाट्याला दशकांची प्रतीक्षा आली. वडिलांनी भरलेल्या नोंदणीची पावती मुलाने सांभाळावी, हा दिल्लीकर कुटुंबांचा जणू कुलाचारच झाला.

मग घरे तयार झाली तेव्हा ती कोणासाठी, हा प्रश्न उभा राहिला. डीडीएच्या २०१४ च्या योजनेत सुमारे २५ हजार सदनिकांसाठी लाखो अर्ज आले. सोडत निघाल्यावर मात्र लहान घरे मोठ्या संख्येने परत करण्यात आली. तीच परत आलेली घरे २०१७ मध्ये पुन्हा विक्रीस काढावी लागली. नरेला हे त्या अपयशाचे ठळक नाव. शहराच्या उत्तर टोकाला हजारो सदनिका उभ्या राहिल्या, पण तिथून कार्यालयात पोहोचणार कसे, याचा विचार मागाहून झाला. नरेलाकडे जाणाऱ्या रिठाला-कुंडली मेट्रोमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली ती डिसेंबर २०२४ मध्ये. नोकरदाराला घराएवढीच बसची, शाळेची आणि रात्री उजेड असणाऱ्या रस्त्याची गरज असते, हे नियोजनाच्या कागदावर उमटले नाही. सोडतीची परंपरा असलेल्या प्राधिकरणाला २०२३ मध्ये ‘प्रथम येईल त्यास प्रथम’ या तत्त्वावर घरे विकावी लागली. त्याच वर्षी द्वारकेत पाच कोटी आणि त्यापुढच्या किमतीची पेंटहाऊसेसही याच प्राधिकरणाने लिलावात काढली.

सरकारी जमीनही आता आपली किंमत मागू लागली आहे. जुलै २०१६ मध्ये मंत्रिमंडळाने सरोजिनी नगर, नेताजी नगर, नौरोजी नगर यांच्यासह सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासाला मान्यता दिली. १२,९७० जुन्या घरांच्या जागी सुमारे २५,६६७ घरे. अंदाजित खर्च ३२,८३५ कोटी. हा पैसा तिजोरीतून न देता त्याच जमिनीवरच्या व्यापारी जागांच्या विक्रीतून उभा करायचा, अशी रचना ठरली आणि नौरोजी नगरातल्या बैठ्या घरांची जागा व्यापार संकुलाने घेतली. वृक्षतोडीवरून २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने हे काम काही काळ रोखले होते. सेवेत असणाऱ्यांसाठी घरे वाढणे स्वागतार्हच. पण शासन स्वतः विकासकाच्या भूमिकेत शिरले की भाव आवरण्यात त्याला रस उरत नाही.

दिल्लीत जागा नाही म्हणून मध्यमवर्ग यमुनेपलीकडे गेला. तिथे दुसरे संकट वाट पाहत होते. नोएडा-ग्रेटर नोएडात विकासकांनी जमिनीच्या किमतीचा थोडासा वाटा आधी भरून उरलेला हप्त्यांवर ठेवला आणि एका प्रकल्पासाठी घेतलेले ग्राहकांचे पैसे दुसरीकडे वळवले. २०११ मध्ये शेतकऱ्यांच्या याचिकांवरून भूसंपादनच न्यायालयात अडले. पुढे आम्रपाली समूहाच्या चाळीस हजारांहून अधिक ग्राहकांना जुलै २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलासा दिला आणि अर्धवट इमारती पूर्ण करण्याचे काम एनबीसीसीकडे सोपवले. दिवाळखोरी संहितेत घर घेणाऱ्याला वित्तीय धनकोचा दर्जा २०१८ मध्ये मिळाला, तोही जेपीसारख्या प्रकरणांनी हजारो कुटुंबे होरपळल्यानंतर. एकीकडे भाडे आणि दुसरीकडे न मिळालेल्या घराचा हप्ता, अशी दुहेरी शिक्षा या कुटुंबांनी वर्षानुवर्षे भोगली.

या साऱ्याचे राजकीय उत्तर द्यायचे कोणी? इथेच प्रश्नाची गाठ आहे. घटनेच्या २३९ कक अनुच्छेदानुसार दिल्लीच्या विधानसभेला जमिनीवर अधिकार नाही. डीडीए केंद्रीय गृहनिर्माण मंत्रालयाच्या अखत्यारीत, तिचे अध्यक्ष नायब राज्यपाल. नोएडाची सूत्रे लखनौला, गुरुग्रामची चंदीगडला. स्थावर संपदा कायदा २०१६ चा, एकच. पण याच महानगरासाठी तीन राज्यांची वेगवेगळी प्राधिकरणे. नोकरी दिल्लीत आणि घर उत्तर प्रदेशात, अशा माणसाला दाद मागण्यासाठी न्यायालयाखेरीज दार उरत नाही.

उलट, ज्यांना मतपेटी ओळखते त्यांचे ऐकले जाते. दिल्लीतल्या १,७३१ अनधिकृत वसाहतींतील रहिवाशांना मालकी हक्क देण्याचा निर्णय २०१९ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर झाला. त्यात गैर काही नाही. तिथे राहणारे लाखो लोक याच शहराच्या श्रमाचा कणा आहेत. खानापूर-आटपाडीकडून येऊन करोलबाग आणि चांदणी चौकात सोन्या-चांदीची गलाई करणाऱ्या मराठी कारागिरांनाही नियमित वसाहतीतले घर परवडत नाही. गावी बंगला बांधलेला, पण कुलूपबंद. इथे मात्र कामाच्या जागेलगतची भाड्याची खोली. अनधिकृत वसाहत एकगठ्ठा मत देते. घराच्या रांगेतला नोकरदार विखुरलेला असतो, कर्जाच्या कागदपत्रांत गुंतलेला असतो आणि मतदार यादीत बहुधा जुन्याच पत्त्यावर असतो.

म्हणूनच धोरणाच्या व्याख्या वास्तवापासून दूर जातात. वस्तू व सेवा कराच्या सवलतीसाठी ‘परवडणाऱ्या’ घराची मर्यादा २०१९ मध्ये ४५ लाख रुपये ठरली आणि भाव चढत असताना पुढची सहा वर्षे तिथेच राहिली. मध्यम उत्पन्न गटाची व्याज सवलत मार्च २०२१ मध्ये संपली. जमीन एकत्रीकरणाचे धोरण दिल्लीत २०१८ मध्ये अधिसूचित झाले. मालकांनी सलग ७० टक्के जमीन एकत्र आणावी, या अटीपाशी ते वर्षानुवर्षे रेंगाळले. आठव्या वेतन आयोगाची घोषणा जानेवारी २०२५ मध्ये झाली तेव्हा सरकारी वसाहतींत आनंद झाला. पण वेतन वाढले आणि जमीन मोकळी झाली नाही, तर वाढलेले वेतन जमिनीच्या भावातच जिरते. अग्रिमाची मर्यादा वाढवणे सोपे आहे. तेवढ्या पैशांत मिळेल असे घर, कार्यालयाला जोडणाऱ्या मार्गासह, उभे करणे हा खरा राज्यकारभार.

तोवर महिनाअखेरीचे ट्रक भरत राहतील. कुठला ग्रेटर नोएडाच्या नवव्या मजल्याकडे, कुठला नरेलाकडे, कुठला थेट नागपूर वा साताऱ्याकडे वळेल. ज्या घराच्या भिंतीवर मुलांच्या उंचीच्या खुणा पेन्सिलीने केल्या होत्या, तिथे रंगारी येईल आणि रिकाम्या निवासस्थानाची नोंद नव्या वाटपासाठी होईल. त्या नोंदीत, आधीचा रहिवासी कुठे गेला, यासाठी रकाना नसतो.