तेल-एंजिनाचा गव्हर्नर व विहिरीचें पाणी

मोटार लाविलेली सायकल चालविणारा चढ आला कीं मूठ पिळतो, उतार आला कीं सैल सोडतो. त्याचा हातच एंजिनाचा लगाम होय. विहिरीवरील तेल-एंजिनापाशीं असा हात सदैव नसतो. तें काम गव्हर्नर करितो. वेग वाढतांच त्याचीं फिरतीं वजनें बाहेर फाकतात व दांडा सरकून तेल कमी होतें. वेग उतरला कीं स्प्रिंग तें पुन्हां वाढविते. जेम्स वॅटनें १७८८ सालीं वाफेच्या यंत्रास हीच युक्ति लाविली होती.

सोलापूर जिल्ह्यांत चैत्र-वैशाखांत विहिरीचा तळ दिसूं लागतो. फुटव्हॉल्व्ह उघडा पडून पंप हवा ओढूं लागला कीं एंजिनावरील भार एकाएकीं नाहींसा होतो. अशा वेळीं गव्हर्नर अडलेला असल्यास एंजिन बेफाम सुटतें. फ्लायव्हील फुटून प्राणावर बेतूं शकतें. तरीहि जास्त पाण्याच्या लोभानें स्प्रिंग आवळणारे, किंबहुना दांडा सुतळीनें बांधणारे महाभाग आहेतच! सर्वसाधारण नियमानें पंपाचा वेग शेंकडा १० वाढविला तर शक्ति सुमारें शेंकडा ३३ जास्त लागते. तेल जळतें, झरा मात्र तेवढाच राहतो. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद सांपडते, झऱ्याची आवक सांपडत नाहीं.

पाटीवर लिहिलेला वेग पंप पाणी देत असतांना, एंजिन तापल्यावर, वेगमापकानें जुळवावा व नट घट्ट करावा. मग पंपाची झडप किंचित् मिटून पाहावी. एंजिन क्षणांत स्थिरावलें पाहिजे. वेग सारखा हेलकावे खाऊं लागल्यास प्रथम स्प्रिंगेस हात लावूं नये. एंजिन बंद करून दांड्याचे सांधे रॉकेलनें धुवावे, तेल द्यावें, आणि दांडा बोटानें सहज सरकतो कीं नाहीं हें पाहावें. आमच्या पाहण्यांत बहुधा तेथेंच मळ अडकलेला असतो.