साठवलेलं हवं, शिळं नको

आजचा विषय संगणकाचा आहे, पण सुरुवात एका मुलीपासून करतो.

काही वर्षांपूर्वी एका शिक्षणसंस्थेचे संगणक मी सांभाळत होतो. एका बुधवारी सकाळी एक तरुणी मुलाखतीसाठी आली. रात्रभर एसटीचा प्रवास करून आली होती. कारकून म्हणाले, "ताई, मुलाखती सोमवारीच झाल्या. तारीख बदलल्याचं संकेतस्थळावर टाकलं होतं." तिनं पिशवीतून कागद काढला. आमच्याच संकेतस्थळावरून छापून घेतलेला, त्यावर बुधवार. मी ठामपणे म्हणालो, "तुम्ही जुनी प्रत काढली असेल." मग खातरजमा म्हणून ते पान उघडलं, तर तिथेही बुधवारच!

झालं होतं असं. कारकुनांनी वर्डच्या फाइलमध्ये तारीख दुरुस्त करून ती जुन्याच नावानं चढवली होती. आमच्याकडे रूपांतराचं एक सॉफ्टवेअर होतं. कुणी परिपत्रक मागितलं की ते वर्डच्या फाइलची पीडीएफ करून देई. हे काम सोपं नाही. फाइल उघडायची, फॉन्ट शोधायचे, जोडाक्षरं नीट बसवायची, ओळी आणि पानं पाडायची. दर वेळी काही सेकंद जातात. शंभर जणांनी एकच परिपत्रक मागितलं तर शंभर वेळा तोच खटाटोप कशाला? म्हणून एकदा केलेली पीडीएफ बाजूला ठेवायची आणि पुढच्याला तीच द्यायची. या साठवणीला 'कॅश' म्हणतात. 'लपवणं' या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आलेला हा शब्द, रोख पैशाशी त्याचा संबंध नाही.

कल्पना तशी जुनी. मॉरिस विल्क्स या ब्रिटिश शास्त्रज्ञानं 1965 मध्ये मुख्य स्मृतीच्या जोडीला एक छोटी, वेगवान स्मृती ठेवण्याचा विचार मांडला होता. आपल्या स्वयंपाकघरात तर हे रोजचंच आहे. कांदा-खोबऱ्याचं वाटण सकाळीच करून ठेवलं की संध्याकाळची भाजी झटपट होते. फक्त ते वाटण कधीचं आहे, याचं भान ठेवावं लागतं.

नेमकं तेच भान आमच्या सॉफ्टवेअरला नव्हतं. ते फक्त फाइलचं नाव पाहत होतं. नाव ओळखीचं, मग दे साठवलेली प्रत! साठवण किती वेळ ग्राह्य धरायची, ती मुदत तासाभराची होती. निकालाच्या दिवसांत यंत्र धापा टाकू लागलं, तेव्हा मीच ती सात दिवसांची करून ठेवली होती. वेग वाढला, सगळे खूश झाले, आणि मी विसरून गेलो. कारकून स्वतःच्या संगणकावर वर्डची फाइल उघडून पाहत होते, तिथे तारीख बरोबर दिसत होती. चूक त्यांची नव्हती आणि त्या मुलीचीही नव्हती. माझी होती.

मग अशी मांडणी करावी कशी? पहिली गोष्ट, ओळख नावावरून नको, मजकुरावरून हवी. फाइलमधल्या मजकुरावरून गणितानं एक ठसा काढता येतो. 'एसएचए-256' ही त्याची एक प्रचलित पद्धत. फाइल एका पानाची असो वा हजार पानांची, ठसा 64 अक्षर-अंकांचाच येतो. एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा पार बदलतो. बदललेल्या फाइलला जुनी प्रत मग मिळूच शकत नाही.

पण एवढ्यानं भागत नाही. मजकूर तोच असला, तरी कागद ए-फोरऐवजी लीगल मागितला, नवा फॉन्ट बसवला किंवा सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली, तर पीडीएफ वेगळी होते. म्हणून या बाबीही ठशासोबत नोंदवाव्यात. थोडक्यात, ज्या ज्या गोष्टीनं निकाल बदलतो, ती प्रत्येक गोष्ट ओळखीत हवी.

दुसरी गोष्ट जागेची. समजा, साठवणीला एक गिगाबाइट दिलं आणि एक पीडीएफ सरासरी 200 किलोबाइटची असली, तर सुमारे पाच हजार प्रती मावतील. पुढे काय? ज्या प्रतीकडे सर्वांत जास्त काळ कुणी फिरकलं नाही, ती आधी काढायची. मर्यादा घातलीच नाही, तर एक दिवस डिस्क भरते आणि सगळंच ठप्प होतं.

तिसरी गोष्ट मुदतीची. ओळख मजकुरावरून पटत असेल, तर मुदत लांब ठेवायला हरकत नाही. नावावरूनच पटत असेल, तर ती आखूडच हवी. अनेक ठिकाणी मुदत सेकंदांत लिहितात. 86400 म्हणजे एक दिवस. एक शून्य जास्त पडलं, की दहा दिवस!

आणखी दोन पथ्यं. फसलेलं, अर्धवट रूपांतर साठवू नये, नाहीतर तीच चूक पुन्हा पुन्हा वाढली जाते. आणि वैद्यकीय अहवाल, ओळखपत्रं असे खासगी कागद सगळ्यांच्या साठवणीत ठेवू नयेत. मूळ फाइल पुसली तरी तिची प्रत तिथे राहून जाते.

तुम्ही म्हणाल, एवढी कटकट असेल तर साठवण बंदच का करू नये? हिशेब पाहा. एका रूपांतराला चार सेकंद धरले, तर शंभर मागण्यांना 400 सेकंद लागतात. त्यातल्या नव्वद साठवणीतून भागल्या, तर रूपांतराचे उरतात फक्त 40. गर्दीच्या दिवशी हा फरक फार मोठा असतो. म्हणून साठवण हवीच, शिळेपण तेवढं नको.

त्या मुलीची मुलाखत संस्थेनं त्याच दुपारी घेतली. माझी चूक मी लेखी कळवली होती. तेव्हापासून एक सवय लागली आहे. दुरुस्ती झाली, की मी बाहेरच्या एखाद्या संगणकावरून, लोक उघडतात तसंच ते पान उघडून पाहतो. आपल्या टेबलावर बरोबर दिसतं, म्हणजे गावातल्या माणसाच्या हातातही बरोबर पोचलं, असं नसतं.