उंबर उघडून बघताना

मुलांना निसर्गाची गोडी लावायची म्हटलं, की आपण जंगल सफारीचं बुकिंग शोधू लागतो. माझं म्हणणं, आधी जवळच्या ओढ्याकाठचं किंवा दत्ताच्या देवळामागचं उंबराचं झाड गाठावं. एक भिंग, एक वही आणि मोकळा तास, एवढं पुरे.

पहिली दहा मिनिटं काही शिकवायचं नाही. खोडाला पाठ टेकून बसायचं आणि फक्त ऐकायचं. तांबटाची टुकटुक, पिकलेलं फळ पाचोळ्यावर पडल्याचा आवाज. मुलं आधी चुळबुळ करतात, मग आपोआप वर बघू लागतात. आणि त्यांच्या लक्षात येतं, की ही फळं फांदीच्या टोकाला नाहीत, तर थेट जाडजूड खोडातूनच घोसांनी फुटली आहेत. मग या झाडाची फुलं कुठे आहेत? हा प्रश्न मुलांकडूनच येऊ द्यावा. आपण उत्तर द्यायची घाई करू नये.

उत्तर त्यांच्या हातात आहे. जेमतेम लाली चढू लागलेलं एक उंबर नखानं हळूच उघडायचं आणि भिंग धरायचं. आतल्या भिंतीवर दाटीवाटीनं बसलेले ते शेकडो बारीक दाणे म्हणजेच फुलं! आपण ज्याला फळ म्हणतो, तो आतल्या बाजूला फुललेला अख्खा गुच्छ आहे. वेळ बरोबर साधली असेल, तर त्यात काळपट, पंखवाली चिलटं वळवळताना दिसतील. मुलांनी शी म्हणून हात झटकण्याआधी थांबवायचं, कारण खरी गोष्ट इथूनच सुरू होते.

गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातली ही माशी जेमतेम दोन मिलिमीटरची. कोवळ्या उंबराच्या तोंडाशी खवल्यांनी मिटलेली एक फट असते. मादी त्यातून आत घुसते, आणि या रेटारेटीत तिचे पंख तुटतात. आता परतीची वाट नाही. आत ती काही फुलांत अंडी घालते आणि छातीवरच्या इवल्या कप्प्यांतून आणलेले पराग फुलांना देते. मग तिथेच मरते. काही आठवड्यांनी पुढची पिढी जन्मते. आधी बिनपंखी, फिकट नर बाहेर येतात, माद्यांशी मीलन करतात आणि फळाची भिंत कुरतडून भोक पाडतात. बहुतेक नरांचं सगळं आयुष्य त्या अंधारातच जातं. माद्या मात्र ताजे पराग भरून घेऊन त्या भोकातून उडून जातात.

उंबर आणि या माशीचं एकमेकांवाचून चालत नाही. वड, पिंपळ, अंजीर ही उंबराची भावंडं, आणि जगभर पसरलेल्या या कुळात साडेसातशेच्या आसपास जाती आहेत. त्यांचा आणि माश्यांचा हा व्यवहार सात-आठ कोटी वर्षांचा आहे. डायनोसॉर अजून जमिनीवर फिरत होते, तेव्हापासूनचा! मुलांना सहसा हे वाक्य सगळ्यात जास्त आवडतं.

‘म्हणजे आई आतच मेली?’ असं एखादं मूल विचारेल. हो, आतच. विषय बदलू नये. मुलं अशा गोष्टी नीट, गंभीरपणे ऐकतात. अमेरिकन निसर्गलेखिका रेचल कार्सन यांनी 1956 मध्ये आपल्या भाचीच्या लहानग्या मुलासोबतच्या भटकंतीवर लेख लिहिला. त्यांचं म्हणणं होतं, की मुलासाठी माहितीपेक्षा आधी जाणवणं महत्त्वाचं. उंबराखाली बसलं की ते लगेच पटतं.

पूर्ण पिकून पडलेलं उंबर मिळालं, तर त्यावर ते बाहेर पडायचं भोक शोधायला सांगा. शिवाय गावातली सगळी उंबरं एकाच वेळी फळत नाहीत. एक-दोन दिवसच जगणाऱ्या मादीला जवळपास कुठेतरी कोवळी फळं धरलेलं झाड सापडावंच लागतं. तेव्हा आपल्या भागातली उंबरं हुडकून कुठलं कधी लागलं, हे मुलांना वर्षभर वहीत टिपू द्या.