मालकालाच न ओळखणारी गाडी

खरी किल्ली ओळखल्याशिवाय इंजिन चालू न होऊ देणारा इमोबिलायझर येण्याआधी किल्लीला फारसा मान नव्हता. इग्निशनच्या वायरी ओढून जोडता आल्या की गाडी पळवता यायची. आपल्याकडच्या वायरमन मंडळींनी त्यावर चोर-स्विच काढला. इग्निशन कॉइलच्या वायरीत मध्येच एक खटका, तो सीटखाली नाहीतर डॅशबोर्डच्या आत दडवलेला. नवखा मेकॅनिक कार्ब्युरेटर खोलून बसायचा, आणि मग मालकाला खटक्याची आठवण व्हायची! पण दोष सापडायचा, कारण तो डोळ्यांना दिसणारा होता.

१९८६च्या कॉर्व्हेटमध्ये जनरल मोटर्सने किल्लीच्या पात्यातच छोटा रेझिस्टर बसवला. त्याची मूल्यं पंधरा. गाडीला हवं ते मूल्य मिळालं नाही, तर स्टार्टर आणि इंधन काही मिनिटं बंद. चोर वैतागले, गाड्या जुन्या झाल्यावर मालकही वैतागले. कुलपाकडून स्टिअरिंग कॉलममध्ये उतरणाऱ्या केसासारख्या बारीक वायरी रोजच्या फिरवण्याने तुटायच्या आणि खरी किल्लीही खोटी ठरायची. अमेरिकेतल्या गॅरेजवाल्यांचा तोडगा साधा होता: मीटरने किल्लीचा रेझिस्टन्स मोजायचा आणि तेवढाच रेझिस्टर वायरीला कायमचा जोडून द्यायचा. गाडी चालू, सुरक्षा मात्र गेली.

युरोपीय संघाने १९९८च्या ऑक्टोबरपासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा केला, आणि किल्लीच्या मुठीत चिप आली. अनेक किल्ल्यांत ती म्हणजे जेमतेम सेंटिमीटरभर लांबीची काचेची नळी. तिला बॅटरी लागत नाही. कुलपाभोवतीची कॉइल तिला क्षणभर वीज पुरवते, ती आपली ओळख पटवते, आणि ती पटली तरच इंजिनाचा कॉम्प्युटर इंधन सोडतो. नाही पटली, तर काही गाड्यांत सेल्फ लागतो पण इंजिन पकडत नाही. काहींत ते चालू होऊन दोन सेकंदांत बंद पडतं. डॅशबोर्डवर किल्लीचं चिन्ह लुकलुकत राहतं. त्याकडे न बघता फ्युएल पंप, प्लग, रिले बदलून घेणारे कितीतरी! माझ्या मते या दुखण्यात सर्वांत जास्त पैसा तिथेच वाया गेला आहे.

दुसरा गैरसमज रिमोटचा. दार उघडलं म्हणजे किल्ली ठीक, असं आपण धरून चालतो. पण दार उघडणारं सर्किट वेगळं, त्याला बॅटरी लागते. चिपचा त्याच्याशी संबंध असेलच असं नाही. रस्त्यावरच्या किल्लीवाल्याकडून झिजलेलं कव्हर बदलून घ्यावं आणि चिप जुन्या कव्हरात राहून कचऱ्यात जावी, हे नेहमीचंच. एकाच जुडग्यात दोन गाड्यांच्या किल्ल्या असल्या, तरी कॉइल गोंधळते. गाडीची बॅटरी उतरलेली असली तरी तीच तऱ्हा. म्हणून आधी जुडग्यातून किल्ली सोडवून, मग दुसऱ्या किल्लीने, मग बॅटरीचा व्होल्टेज बघून, स्कॅनर त्यानंतर. पुश-बटणाच्या गाड्यांत किल्लीचा सेल संपला, तर अनेक मॉडेल्समध्ये ती बटणालाच टेकवून गाडी चालू होते. मॅन्युअलमध्ये हे छापलेलं असतं, पण वाचतो कोण?

या साऱ्या कटकटीनंतरही मी इमोबिलायझरच्याच बाजूने आहे. अमेरिकेत ह्युंदाई आणि किया यांच्या गेल्या दशकातल्या बऱ्याच मॉडेल्समध्ये तो नव्हता. २०२२मध्ये पोरंसोरं इग्निशनचं कव्हर तोडून यूएसबी केबलच्या टोकाने त्या गाड्या सर्रास पळवू लागली, आणि कंपन्यांना सॉफ्टवेअर बदलून द्यावं लागलं.

राहता राहिली हरवलेली किल्ली. एक चालू असताना दुसरी बनवून घेणं तुलनेने स्वस्त. दोन्ही गेल्या की गाडी टोचन करून न्यावी लागते, आणि काही गाड्यांत कॉम्प्युटरच बदलायची पाळी येते. तेव्हा कपाटातली दुसरी किल्ली आजच बाहेर काढा. तिने दार उघडून थांबू नका, इंजिन चालू करून बघा.