अद्भुताचाही हिशेब

कटप्पाने बाहुबलीला का मारलं? १० जुलै २०१५ रोजी ‘बाहुबली’चा पहिला भाग या प्रश्नावर संपला आणि उत्तर मिळायला २८ एप्रिल २०१७ उजाडावं लागलं. मधली पावणेदोन वर्षं देशभर तर्कांचा पाऊस पडला. आमच्या माजरीतही तो पडला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावती तालुक्यातलं हे कोळशाचं गाव. इथल्या जंक्शनवरून एक रूळ बल्लारशाहमार्गे तेलंगणात उतरतो, दुसरा वणीवरून आदिलाबादकडे जातो, आणि या खाणपट्ट्यात मराठी, हिंदी, तेलुगू अशा तिन्ही भाषा कानावर पडतात. कटप्पाच्या प्रश्नाला इथे भाषांतराची गरजच नव्हती. मालिका-सिनेमांच्या कथांवर असा काथ्याकूट करणाऱ्यांकडे आपण ‘यांना दुसरा धंदा नाही’ म्हणून पाहतो. पण अद्भुतकथा सचोटीने रचली आहे की नुसतीच डोळे दिपवते आहे, हे ओळखायला या काथ्याकुटाइतकी चांगली कसोटी दुसरी नाही. ज्या कथेत तर्क चालतो ती कथा प्रेक्षकाशी इमान राखते. तर्क चालतच नसेल, तर कितीही ड्रॅगन उडवले तरी ती पोकळच.

कटप्पाचंच उदाहरण नीट पाहू. उत्तर दुसऱ्या भागात मिळालं, पण त्याची सामग्री पहिल्यातच होती. परदेशातून आलेला शस्त्रांचा व्यापारी अस्लम खान कटप्पाचं कसब पाहून थक्क होतो आणि त्याला गुलामीतून विकत घेऊन मोकळं करायची तयारी दाखवतो. कटप्पा नकार देतो. आपल्या पूर्वजांनी सिंहासनाला दिलेला शब्द पिढ्यान्‌पिढ्या आपल्यालाही बांधतो, असं त्याचं म्हणणं. त्याच भागात राजमाता शिवगामीचा शब्द म्हणजे शासन, हेही ठसवलेलं आहे. हे दोन धागे जोडणाऱ्याला उत्तर हाताशी होतं: कटप्पा आपल्या मनाने बाहुबलीला मारणार नाही, त्याला आज्ञा झाली असणार, आणि ती देऊ शकेल अशी व्यक्ती कोण ते उघड आहे. पुढे तेच निघालं. ज्यांनी कटप्पाला लोभी ठरवलं, त्यांनी अस्लम खानचं दृश्य डोळ्यांनी पाहिलं होतं, पण हिशेबात धरलं नव्हतं. तर्क आणि बाष्कळ बडबड यांतला फरक नेमका इथे आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की जिथे जादू आहे तिथे तर्क कसला? लेखकाच्या मनात आलं की मेलेला उठेल आणि भिंत बोलेल. आक्षेप वाजवी वाटतो, पण आपल्याच जिल्ह्याची एक दंतकथा त्याला उत्तर देते. गोंड राजा खांडक्या बल्लाळशाह शिकारीला गेला असता, कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा त्याच्या कुत्र्याचा पाठलाग करताना त्याला दिसला. शेवटी कुत्र्यानेच सशाला मारलं. राजा हा चमत्कार घरी येऊन सांगतो, आणि राणी नुसतं आश्चर्य करत बसत नाही. पाठलागाच्या वाटेवरून तट बांधा, ससा जिथे उलटला तिथे आणि जिथे मेला तिथे भक्कम बुरूज उभारा, कारण ससा पडला ती जागा पुढे शहराला धोक्याची ठरेल, असं ती सांगते. चंद्रपूरच्या परकोटाची कथा ही अशी. राणीने एका अशक्य घटनेला नियम लावला: ससा उलटला तिथे बळ, पडला तिथे दुबळेपणा. नियम एकदा मानला की पुढचं सगळं तर्कानेच येतं. अद्भुतकथेतली सूट एवढीच असते. सुरुवातीला एक अशक्य गोष्ट मान्य करून घ्यायची, पण ती एकदा ठरली की लेखकालाही ती मोडता येत नाही.

देवकीनंदन खत्री यांना हे पक्कं ठाऊक होतं. काशीच्या राज्यातल्या चकिया-नौगढच्या जंगलांची ठेकेदारी केलेला हा माणूस. तिथले पडके गड आणि दऱ्या त्यांनी १८८८ च्या ‘चंद्रकांता’ कादंबरीत आणल्या. तिच्यातले ऐयार वेष पालटतात, पूड हुंगवून शत्रूला बेशुद्ध करतात, लखलखा हुंगवून आपल्या माणसाला शुद्धीवर आणतात. वरवर हे सगळं मायावी, पण खत्रींच्या तिलिस्मामागे, म्हणजे मायावी चक्रव्यूहामागे, कळा, यंत्रं आणि कारागिरी असते. त्यामुळे वाचकाला डोकं चालवायला वाव राहतो. १९९४ ला दूरदर्शनवर नीरजा गुलेरी यांची ‘चंद्रकांता’ आली, तिचं लेखन कमलेश्वरांचं होतं. क्रूरसिंहाच्या भिवया आणि त्याचं ‘यक्कू’ अजून लोकांच्या तोंडी आहे. पण मालिकेने मूळ कथेचं बोट लवकरच सोडलं आणि खरीखुरी जादू आत घेतली. क्रूरसिंह लक्षात राहिला, कथानक मात्र फारसं कुणाला सांगता येत नाही, यात मला नवल वाटत नाही. नियम सैल झाले की पुढे काय होईल हा प्रश्न विचारण्यात अर्थ उरत नाही. उरते ती फक्त मजा, आणि ती मजा होती हे नाकारायचं कारण नाही.

दुसरा आक्षेप रसिकांचा. आधीच ओळखलं तर पाहण्यात काय राम? इथे ‘गेम ऑफ थ्रोन्स’ उपयोगी पडते. (ती पाहायची राहिली असेल त्यांनी पुढची काही वाक्यं ओलांडावीत.) ही मालिका जॉर्ज मार्टिन यांच्या ज्या कादंबऱ्यांवर बेतली, त्यांतलं पहिलं पुस्तक १९९६ चं. त्यात नेड स्टार्क मरणाऱ्या बहिणीला दिलेलं एक वचन पुन्हा पुन्हा आठवतो, पण ते काय ते सांगत नाही. सरळमार्गी नेड आपला अनौरस मुलगा म्हणून वाढवलेल्या जॉन स्नोबद्दल मात्र गप्प असतो. त्याचा राजा पदच्युत घराण्याचं मूलही जिवंत ठेवायला तयार नाही. एवढ्यावरून वाचकांनी ताडलं की जॉन स्नो नेडचा मुलगा नसून भाचा आहे. पडद्यावर हे जून २०१६ मध्ये उघड झालं. मालिकेचे कर्ते बेनिऑफ आणि वाइस यांनाही मार्टिन यांनी आधी हाच प्रश्न घातला होता, जॉनची आई कोण? उत्तर बरोबर आलं. वीस वर्षं ज्यांना उत्तर ठाऊक होतं ते पडद्यासमोरून उठून गेले नाहीत, उलट तेच सर्वांत पुढे होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या लेव्हिट आणि क्रिस्टनफेल्ड या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये काही लघुकथा वाचकांना शेवट आधी सांगून वाचायला दिल्या, तेव्हा त्यांना त्या सरासरीने अधिकच आवडल्या. आपल्याकडे ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेने हे न सांगता सिद्ध केलं. २०१६ च्या पहिल्या पर्वाची सुरुवातच अण्णा नाईकांच्या मृत्यूने झाली, आणि २०१९ चं दुसरं पर्व मागे जाऊन जिवंत अण्णांची गोष्ट सांगू लागलं. माणूस मरणार हे माहीत असूनही घरोघरी अण्णा आणि शेवंताच पाहिले गेले. झाडीपट्टीत दिवाळीनंतर रात्रभर चालणाऱ्या नाटकांचा प्रेक्षक तरी कुठे शेवटासाठी पहाटेपर्यंत बसतो? खलनायकाचं काय होणार हे त्याला माहीत असतं. कसं होणार, ते त्याला पाहायचं असतं.

वेळ फुकट जातो या तिसऱ्या आक्षेपात थोडं तथ्य आहे. तर्काचं व्यसन जडलं की माणसाला सगळीकडे खुणा दिसू लागतात. मे २०१९ मध्ये ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या एका मेजवानीत मेजावर चक्क आजच्या काळातला कॉफीचा पेला राहून गेला. ती निव्वळ चूक होती, नंतर ती चित्रातून पुसलीही. चांगला तर्कबाज खूण आणि अपघात यांत फरक करतो: जी गोष्ट दोन-तीनदा, वेगवेगळ्या तोंडून येते ती खूण. हे भान यायला थांबावं लागतं, आणि आठवड्याला एक भाग येई तेव्हा ते थांबणं आपोआप घडे. रात्रपाळीमुळे ज्याचा भाग हुकला त्याला तो दुसऱ्याकडून ऐकावा लागे, आणि सांगणाऱ्याला काय महत्त्वाचं ते निवडावं लागे. आता सगळे भाग एका रात्रीत संपवता येतात. सोय झाली, पण अंदाज बांधायला मधली जागाच राहत नाही.

आता शेवटचा आणि सर्वांत अवघड आक्षेप. प्रेक्षक इतके हुशार झाले की लेखक त्यांना चकवण्यासाठी कथाच वाकवतात. हे होतं. दैनंदिन मालिकांत तर टीआरपी घसरला की मेलेला माणूस परततो. ‘गेम ऑफ थ्रोन्स’चं शेवटचं पर्व पुन्हा करा अशा मागणीवर दहा लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या, तेव्हा त्यांना शेवट अनपेक्षित वाटला म्हणून राग आला, असं अनेकांनी लिहिलं. मला ते पटत नाही. मालिकेतली ड्रॅगनवाली राणी डेनेरिस क्रूर होईल असा तर्क कितीतरी जणांनी आधीच मांडला होता. पण आधीच्या पर्वांत दहा-दहा भाग, शेवटच्या दोनांत सात आणि सहा. खुणा होत्या, मधल्या पायऱ्या मात्र गाळल्या गेल्या. उत्तर बरोबर असूनही रीत न दाखवल्याचा तो राग होता. मार्टिन यांनाही हा मोह झाला होता. काही वाचकांनी शेवट ओळखला आहे हे लक्षात आल्यावर तो बदलावा का, असा विचार केल्याचं त्यांनीच सांगितलं आहे. तो बदलायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. शेवट बदलला असता तर पहिल्या पुस्तकात पेरलेल्या खुणा खोट्या ठरल्या असत्या, आणि ज्यांनी ते सर्वांत लक्षपूर्वक वाचलं त्यांचीच फसवणूक झाली असती.