कागद मागितले म्हणजे प्रवेश झाला का?

समोर बरेच पालक दिसताहेत आणि मागच्या रांगांत बारावीची मुलंही आहेत. बोर्डाची परीक्षा तोंडावर असताना मुलं इथं येऊन बसली आहेत, म्हणजे विषय किती जिव्हाळ्याचा आहे ते सांगायला नको. तेव्हा थेट मुद्द्यावर येतो.

अमेरिकेतल्या कॉलेजात पदवीसाठी अर्ज करणाऱ्यांचं वेळापत्रक साधारण असं असतं. नियमित फेरीचे अर्ज जानेवारीच्या सुरुवातीला भरून होतात. नामवंत कॉलेजांचे निकाल बहुतेक करून मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात लागतात. मधल्या अडीच महिन्यांत आपल्या हातात काही नसतं. आणि नेमक्या याच काळात एक दिवस ईमेल येते, की तुमच्या आर्थिक साहाय्याच्या अर्जातली अमुक कागदपत्रं अजून मिळालेली नाहीत, ती अमुक तारखेपर्यंत पाठवा.

ही ईमेल घरात आली की काय होतं, ते आम्ही दरवर्षी पाहतो. मुलगी म्हणते, "बाबा, घ्यायचंच नसतं तर आपले कागद कशाला मागितले असते?" बाबा म्हणतात, "अगं, आपल्याकडे पैसे नाहीत हे बघून नाव कापायलाच मागत असतील." ईमेल एकच, पण एकाला त्यात शुभशकुन दिसतो आणि दुसऱ्याच्या मनात पाल चुकचुकते. आमचं म्हणणं असं, की दोघंही ती ईमेल चुकीच्या कामासाठी वाचताहेत.

ही ईमेल येते कुठून, ते आधी पाहू. कॉलेजात ॲडमिशन ऑफिस आणि फायनान्शियल एड ऑफिस ही सहसा दोन वेगळी ऑफिसं असतात. तुम्ही अर्जात 'आर्थिक साहाय्य हवं' असं लिहिलंत की एड ऑफिसच्या यादीत तुमचं नाव चढतं आणि तुमच्या नावापुढे कागदांची यादी तयार होते: सीएसएस प्रोफाइल, आईवडिलांच्या उत्पन्नाचे पुरावे, करविवरणपत्र, पगाराचं प्रमाणपत्र. आलेल्या कागदांवर खूण होते. जे आलेले नाहीत त्यांची आठवण बहुतेक ठिकाणी संगणकच पाठवतो. त्या संगणकाला तुमचा निबंध कसा झालाय हे ठाऊक नसतं.

मग निकालाच्या आधीच का मागतात? कारण ज्यांना प्रवेश मिळेल त्यांना साहाय्याचा आकडाही निकालासोबत किंवा लगेच नंतर कळवायचा असतो. विद्यार्थ्यानं होकार कळवण्याची नेहमीची मुदत 1 मे. निकाल लागल्यावर कागद मागायला बसले तर ही मुदत पाळता येणार नाही. म्हणून ज्यांनी साहाय्य मागितलंय त्यांच्या फाइली आधीच पुऱ्या करून ठेवतात.

आता थोडं गणित करू. आकडे आम्ही समजण्यासाठी धरलेले आहेत, कुठल्या कॉलेजचे नाहीत. समजा, साहाय्य मागणारे 1000 अर्जदार आहेत आणि त्यातल्या 50 जणांना प्रवेश मिळणार आहे. म्हणजे शक्यता 5 टक्के. या 50 पैकी 40 जणांना कागद मागणारी ईमेल गेली. उरलेल्या 950 पैकी 665 जणांना गेली. एकूण 705 ईमेल, त्यातले 40 यशस्वी. भागाकार करा: साधारण 5.7 टक्के. आधी 5 होती, आता 5.7 झाली. एवढ्यासाठी पेढे आणायचे का?

आपल्याकडे म्हणतात, कावळा ओरडला की पाहुणा येणार. पाहुणा आला त्या दिवशी कावळा ओरडला होता हे आपल्याला आठवतं. पण कावळा रोज ओरडतो, पाहुणा न येणाऱ्या दिवशीही. म्हणून कुठल्याही खुणेला विचारायचा प्रश्न हा, की ज्यांना नकार मिळाला त्यांनाही ती दिसली होती का? दिसली असेल तर त्या खुणेत फारसा अर्थ नाही.

इथं कुणी विचारेल, की मग बाबांची भीती तरी खोटी का? तर ती पूर्ण खोटी नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट अशी मोजकी कॉलेजं परदेशी विद्यार्थ्यांचा प्रवेश ठरवतानाही त्यांची आर्थिक गरज विचारात घेत नाहीत. परंतु बहुसंख्य कॉलेजं परदेशी अर्जदाराच्या बाबतीत ती विचारात घेतात. तिथं तुम्ही किती मागता याचा निर्णयावर परिणाम होऊ शकतो. मात्र तो परिणाम होतो तुमच्या गरजेमुळे. ती गरज तुम्ही अर्ज करतानाच लिहून दिलेली असते. राहिलेला एक कागद मागणाऱ्या ईमेलमुळे त्यात काही बदलत नाही. उलट, तो कागद गेला नाही तर नुकसान होऊ शकतं.

तसं नुकसान आम्ही जवळून पाहिलंय. आमच्याकडे येणाऱ्या एका मुलाचे वडील छोटे दुकानदार होते. कागदांची मागणी आल्यावर त्यांना वाटलं, आपलं उत्पन्न बघून पोराचं नाव काढतील. त्यांनी तीन आठवडे काही पाठवलंच नाही. मार्चअखेर पहाटे साडेचारला सगळं घर मोबाइलभोवती जमलं. प्रवेश मिळाला होता! पण फाइल अपुरी, म्हणून साहाय्याचं पत्र सोबत नव्हतं. नंतर कागद धाडले, फोन केले, तोवर त्या वर्षीचा निधी वाटून झाला होता. साहाय्याशिवाय जाणं त्या घराला शक्यच नव्हतं. दुसरी एक मुलगी अगदी उलट. तिनं त्याच मागणीला होकार समजून इथल्या सीईटीचा अर्जच भरला नाही. मार्चमध्ये नकार आला आणि इथला रस्ताही त्या वर्षापुरता बंद झाला.

मग कॉलेजं खरोखरच कधी आधी सुचवत नाहीत का? सुचवतात. आयव्ही लीगमधली कॉलेजं काही निवडक अर्जदारांना निकालाआधी 'लाइकली लेटर' पाठवतात. पण त्यात सरळ लिहिलेलं असतं, की तुमची निवड होण्याची दाट शक्यता आहे. ज्याला सांगायचं असतं तो असा स्पष्ट सांगतो. आयकर विवरणपत्र मागून कुणी आनंदाची बातमी देत नाही. आणि ज्यांना असं पत्र येत नाही त्यांनीही खचू नये, कारण प्रवेश मिळणाऱ्या बहुतेकांना ते आलेलं नसतं.

तर ईमेल आली की काय करायचं? आधी पोर्टल उघडून नेमका कोणता कागद राहिलाय ते पाहा. पुष्कळदा मागणीचं कारण अगदी साधं असतं. आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, त्यांचं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर. शिवाय 2023-24 च्या उत्पन्नाच्या विवरणपत्रावर आपल्याकडे 'कर निर्धारण वर्ष 2024-25' असं छापलेलं असतं. तिकडच्या माणसाला वाटू शकतं, की भलत्याच वर्षाचा कागद आलाय. अशा वेळी चार ओळींचं स्पष्टीकरण जोडा. तहसीलदारांचा दाखला किंवा सातबारा मराठीत असेल तर सोबत इंग्रजी भाषांतर द्या. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी ते लपवू नका, वेगळं दाखवा. विवरणपत्र भरतच नसाल तर तसं लिहून द्या आणि कोणता पुरावा चालेल ते एड ऑफिसला विचारा. त्यांना विचारल्यानं तुमचं वजन कमी होत नाही.

आणि मुलांनो, कागद पाठवले, पोहोचल्याची खूण पोर्टलवर दिसली, की तो विषय मिटवा. बोर्डाचा पेपर द्या, इथल्या प्रवेशपरीक्षांचे अर्ज भरा. मैत्रिणीला ईमेल आली आणि मला नाही, म्हणून रात्र जागवू नका. कदाचित तुमचे कागद आधीच पूर्ण असतील.

आमचं बोलणं इथं थांबवतो. ज्यांच्या घरी अशी ईमेल आलेली आहे त्यांनी नंतर पुढं येऊन बसा, आपण मुदतीची तारीख एकत्र पाहू.